मंजूषाचं निळं चेन गाईड

आमच्या तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या भिंती इतक्या पातळ की शेजारी कुकरची शिट्टी झाली तर आपण आपला गॅस बारीक करायला उठतो. त्यामुळे शेजारच्या मंजूषा ठोंबरेचं बरंचसं मला ऐकूनच माहीत आहे, आणि उरलेलं तिने स्वतः सांगितलं. ‘माणसाने इतका डूख धरू नये’ असं तिच्याबद्दल म्हणणारे आमच्या मराठी मंडळात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही.

ठोंबरे मूळचे नागपूरचे. मंजूषाचे आजोबा छप्पन साली कचेरीबरोबर भोपाळला आले, वडील शांतारामकाका इथल्याच नोकरीतून निवृत्त झाले, आणि मंजूषाही परीक्षा देऊन सचिवालयात लागली. आई ती कॉलेजात असतानाच गेली. घरात दोघंच. काका स्वभावाने मऊ, कुणाशी वाईटपणा नको म्हणणारे. मंजूषा तशी नव्हती. लहानपणी कॅरममध्ये कुणी बोटाने सोंगटी सरकवली तर ती बोर्ड उधळत नसे. डाव मुकाट्याने पुरा करी आणि पुढे त्या पोराला कधी खेळायलाच घेत नसे.

तिला वेड होतं डर्ट बाइकचं. कलियासोत धरणामागच्या खडकाळ वाटांवर काकांची जुनी मोटरसायकल आपटून आपटून ती शिकली, आणि नोकरी पक्की झाल्यावर इंदूरच्या एका रायडरची वापरलेली डर्ट बाइक घेऊन आली. ना दिवा, ना आरसा, ना नंबरप्लेट. उंच, हडकुळी गाडी. ती रस्त्यावर चालवायची सोयच नाही, म्हणून रविवारी टेम्पोत चढवून रातीबडच्या पुढच्या मैदानावर न्यायची. तिथे मातीचे उंचवटे रचून, वळणं काढून शर्यतीचा ट्रॅक केलेला आहे. मी पहिल्यांदा तो बघायला गेले तेव्हा एका उंचवट्यावरून मंजूषा गाडीसकट हवेत गेली आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पुढच्या वळणावर पोचली होती. त्यानंतर मी डोळे मिटले नाहीत. बघण्यासारखी गोष्ट होती ती.

तिथे एक क्लब होता, आणि तो चालवायचा जितेंद्र कडू. अमरावतीकडचा, पण जन्म भोपाळचा. बिट्टन मार्केटजवळ त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आणि मागे वर्कशॉप. सगळे त्याला जितूभाऊ म्हणत. चाळिशीचा, हसरा, पोरांच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा. स्वतः अजून शर्यतीत उतरायचा आणि जिंकायचा. मंजूषाला त्याने क्लबात घेतलं तेव्हा काकांना भेटायला घरी आला होता. “काका, अपनी बच्ची है, मी आहे ना,” म्हणाला. काका त्याच्यावर बेहद्द खूश.

पुढे जे झालं त्याला त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीचं निमित्त झालं. ट्रॅकवर नवी, आखूड वळणं काढली होती. वळणातून गाडी झटक्यात उचलायला खेच जास्त हवी, म्हणून क्लबातल्या सगळ्या गाड्यांना मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, मोठं बसवायचं ठरलं. गाड्या आदल्या दिवशी जितूभाऊच्या वर्कशॉपात गेल्या आणि शर्यतीच्या सकाळी तिथूनच थेट मैदानावर आल्या.

मंजूषाने गाडी टेम्पोतून उतरवली आणि वाकून बघितलं. स्प्रॉकेट नवं होतं. पण त्याच्या अलीकडे, चेन ज्यातून जाते ते गाईड तिचं नव्हतं. तिचं निळं होतं, प्लॅस्टिकचं. मैत्रिणीकडून पुण्याहून मागवलेलं. आता तिथे चांदीरंगी, पत्र्याचं काहीतरी होतं.

“जितूभाऊ, माझं गाईड कुठंय?”

“अगं, मोठं स्प्रॉकेट टाकलं ना. तुझं त्याला बसत नव्हतं. हे बसतं.”

“थोडं तिरकं नाही वाटत?”

“चालतं गं. टेन्शन मत ले. तू गाडी चालव, बाकीचं माझ्यावर सोड.”

तिने सोडलं. चेनचा ताण तेवढा स्वतः बोटाने दाबून तपासला, तो बरोबर होता, आणि ती सुटायच्या रेषेवर गेली.

मी त्या दिवशी दोरीला टेकून उभी होते. दुसऱ्या फेरीत मोठ्या उंचवट्यावरून ती उतरली, मागचं चाक जमिनीला लागलं, आणि लागल्याबरोबर ते फिरायचंच थांबलं. कुणीतरी चाकाला हाताने धरून ठेवल्यासारखं. गाडी आडवी झाली, मंजूषा खाली, गाडी तिच्या पायावर. मी दोरीखालून धावले तेव्हा तिचा उजवा बूट भलत्याच दिशेला वळलेला होता. ती ओरडत नव्हती. “वैजूताई, चेन उतरली,” एवढंच म्हणाली. त्याच दुपारी जितूभाऊ शर्यत जिंकला.

घोट्याचा चुरा झाला होता. सळ्या घातल्या, स्क्रू घातले. पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला. डर्ट बाइकचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो, त्यामुळे डॉक्टरांनी काही सांगायच्या आधीच तिला कळलं होतं.

जितूभाऊ दवाखान्यात आला, नारळपाणी घेऊन. काका उशाशी बसलेले, मी खिडकीपाशी. मंजूषा गुंगीत होती असं त्याला वाटलं असावं. तो काकांचा हात हातात घेऊन म्हणाला, “काका, काय सांगू. सकाळी चेनचा ताण तिनेच बघितला होता. सैल राहिली असणार. मी म्हणालो होतो, एकदा मला दाखव. पण मुलींना वाटतं, आपल्याला सगळं येतं.”

काकांनी मान हलवली. मंजूषाचे डोळे मिटलेलेच होते, पण चादरीवरची तिची मूठ वळलेली मी पाहिली.

क्लबात, मैदानावर, मराठी मंडळात, सगळीकडे हेच झालं. मुलीने चेन सैल ठेवली. पुढच्या वर्षी क्लबाने मुलींची शर्यतच बंद केली, ‘जोखीम नको’ म्हणून. हे सगळं एक वेळ तिने गिळलं असतं. पण काकांनीही ते खरं मानलं. कधी रागावून नाही, भाताचा घास घेता घेता, टीव्ही बघता बघता ते म्हणायचे, “जरा नीट बघायला हवं होतंस गं.” भिंतीतून मला ऐकू यायचं. तिचं उत्तर कधी ऐकू आलं नाही.

गाडी त्यांच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. अपघाताच्या गोंधळात जितूभाऊने ती तशीच टेम्पोत घालून घरी पाठवली होती. ही पोरगी आता गाडीकडे वळूनही बघणार नाही, असा त्याचा हिशेब असणार. कुबड्या सुटल्यावर एका रविवारी मंजूषाने ताडपत्री ओढून काढली, मोरीतला पाट घेतला, आखडलेला पाय समोर पसरून बसली आणि गाडी उघडायला लागली. मी कपडे वाळत घालत होते. मला तिने कुंपणापाशी बोलावलं.

“तुमच्या शिवणयंत्राचा पट्टा उतरतो ना कधीकधी, वैजूताई? का उतरतो?”

“चाकावर सरळ येत नाही म्हणून.”

“तसंच हे. चेन स्प्रॉकेटवर सरळ यावी म्हणून हे गाईड असतं. स्प्रॉकेट लहान असलं की चेन वरून जाते, मोठं केलं की खालून जाते. म्हणून स्प्रॉकेट बदलताना गाईडही त्याच्या मापाचं बघावं लागतं. माझं निळं खोल होतं. मोठ्यालाही चाललं असतं. दगड लागला तरी ते वाकून परत जागेवर येतं.” तिने चांदीरंगी पत्रा माझ्या हातात दिला. “हे लहान स्प्रॉकेटचं आहे. चेन याच्या तळाला घासत होती. आणि ही कड बघा.”

कड आतल्या बाजूला वळलेली होती, आणि तिच्यावर हातोडीचे चापट डाग होते. दगडावर आपटून वाकलेलं गाईड कुणीतरी ठोकून ठोकून सरळ केलं होतं. पुरतं सरळ झालं नव्हतं.

“उडीवरून उतरताना चेन हेलकावा खाते. तेव्हा या कडेने तिला बाहेर ढकललं,” ती म्हणाली. “मी सैल ठेवली नव्हती.”

“काकांना दाखव.”

“नाही. बाबा म्हणतील, जाऊ दे. आणि तो म्हणेल, मला काय माहीत, पोराने लावलं असेल.” तिने तो पत्रा जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळला. “हे कुणाचं, ते मला आधी बघायचंय.”

ते तिला लवकरच दिसलं. तिचं हेल्मेट अजून जितूभाऊच्या दुकानात होतं. ते आणायला आम्ही दोघी गेलो. गल्ल्यामागे भिंतीवर एक भला मोठा फोटो फ्रेम करून लावला होता, त्याच शर्यतीचा. जितूभाऊ गाडीवर, गाडी हवेत, मागे निळं आभाळ. आणि मागच्या चाकाच्या अलीकडे, खालच्या अंगाला, निळ्या रंगाचा एक तुकडा.

मला ते आधी कळलंच नाही. मंजूषा फोटोकडे बघत राहिली म्हणून मी बघितलं.

“अरे मंजू! बैस, बैस. पाय कसा आहे?” जितूभाऊने चहा मागवला. ती बसली. चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. दुकान कसं चाललंय विचारलं. हेल्मेट घेतलं, “येते, जितूभाऊ” म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “अगं, बोलली का नाहीस?”

“काय बोलू? निळी गाईडं बाजारात शंभर असतील. माझ्या गाईडवर माझी खूण आहे. आतल्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका. ती बघायला गाडी माझ्या हातात यायला हवी.” रिक्षात बसल्यावर तिने हेल्मेट मांडीवर घेतलं. “आणि चहा चांगला होता.”

त्या दिवसापासून ती बदलली. रडली नाही, चिडचिड केली नाही. उलट तिला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. ऑफिसातून येऊन ती मागच्या अंगणात ओळखीच्या रायडरांच्या गाड्या बघायची. मग समजलं की राज्यातल्या शर्यतींसाठी गाड्या तपासणारे लोक तयार करतायत. शर्यतीआधी प्रत्येक गाडी या तपासनिसांच्या टेबलासमोरून जाते. ब्रेक, चाकं, चेन, सगळं बघून ते हिरवं लेबल लावतात, मग गाडी सुटते. लाल लावलं तर गाडी बाहेर. इंदूरचे दत्तात्रय सोहोनी म्हणून एक वयस्क गृहस्थ त्यांचे प्रमुख होते. मंजूषा त्यांच्याकडे गेली, शिकली, परीक्षा दिली. चेन आणि चाकं हा भाग मागून घेतला.

काकांना बरं वाटलं. “पोरगी सावरली,” मला म्हणाले.

चेन-चाकं बघणारी टेबलं दोन असायची. पहिल्या हंगामात जितूभाऊची गाडी दर वेळी दुसऱ्या टेबलावर गेली. मंजूषाला ती मागून घेता आली असती. तिने घेतली नाही. ती लांबून बघायची. शर्यत संपून गाड्या ओळीने उभ्या केल्या की सहज फिरत फिरत तिथून जायची, आणि घरी येऊन मला सांगायची, “अजून तेच निळं आहे. झिजतंय.” पाडाला आलेल्या आंब्याकडे माळ्याने बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. प्लॅस्टिकच ते, चेन फिरून फिरून त्याचा तळ पातळ होत चालला होता, आणि फुकटात मिळालेली वस्तू बदलायचं कडूच्या डोक्यात येत नव्हतं.

मला एकदा राहवलं नाही. “तुला दिसतंय ना झिजलेलं? मग सांगत का नाहीस? मधेच तो पडला तर?”

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. “तर पडेल.”

हे मी मंडळात कधी सांगितलेलं नाही. पण ती असं म्हणाली, आणि तिला तसंच म्हणायचं होतं.

मग दुसऱ्या हंगामाची शेवटची शर्यत आली. जितूभाऊ गुणांत पहिला होता. नुसती शर्यत नीट पुरी केली असती तरी करंडक त्याचा. डिसेंबरातलं कोवळं ऊन, मैदानावर पोहे-जिलेबीच्या गाड्या, भोंग्यावर गाणी. त्या दिवशी मंजूषाने सोहोनींना सांगून कडूच्या क्लबाच्या गाड्या आपल्या टेबलावर घेतल्या. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसले होते.

“अरे वा, आज मंजूच तपासणार! मग तर काय, घरचंच काम,” जितूभाऊने गाडी ढकलत आणली.

तिने गाडी स्टँडवर घेतली, वाकली, मागचं चाक हाताने फिरवलं. खर्र, खर्र, खर्र. माझ्यासारखीलाही ऐकू आलं.

“मागचं स्प्रॉकेट बदललंत?”

“हो, काल. वळणं आखूड आहेत ना, आणखी मोठं टाकलं.”

“आणि गाईड?”

“गाईडला काय झालंय? आहे तेच आहे. चालतं.”

तिने चिंधीने चिखल पुसला. निळ्या प्लॅस्टिकचा तळ पार खाल्ला गेला होता. फटीतून चेन दिसत होती. तिने लाल लेबल सोलून टाकीवर चिकटवलं.

“ही गाडी सुटणार नाही.”

“ए, मजाक मत कर.” तो हसत होता. मग त्याचं हसू ओसरलं. “सोहोनीसर, जरा बघा हो, ही काय म्हणतेय.”

सोहोनी आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले, चाक फिरवलं. “बरोबर म्हणतेय. गाईड बदला, तर सोडू. वेळ आहे अजून.”

जितूभाऊने पोरांना पिटाळलं. ओळीतल्या सगळ्या गाड्यांपाशी जाऊन ते परत आले. एवढ्या मोठ्या स्प्रॉकेटच्या मापाचं सुटं गाईड कुणाकडेच नव्हतं, किंवा कुणी आपलं काढून द्यायला तयार नव्हतं. गुण सगळ्यांनाच हवे होते.

तेव्हा मंजूषाने आपल्या हत्यारांच्या पेटीतून उशीचा अभ्रा काढला, उलगडला, आणि तो चांदीरंगी पत्रा त्याच्यापुढे धरला.

“हे घ्या. लावा. चेन सरळ फिरली तर मी हिरवं लेबल देते.”

त्याने हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि त्याचा चेहरा उतरला. ओळखलं त्याने.

“हे… कुठून आणलंस?”

“माझ्या गाडीवर होतं. तुम्हीच लावलं होतंत. मोठ्या स्प्रॉकेटला बसतं, म्हणाला होतात.”

आजूबाजूचे रायडर जवळ सरकायला लागले होते. सोहोनी चष्मा डोळ्यांवर घेऊन उभे.

“लावा ना,” मंजूषा म्हणाली. “करंडक आहे आज.”

“हे नाही लागणार.”

“का?”

“हे लहानाचं आहे. आणि वाकलंय. दिसत नाही का, ठोकून सरळ केलंय ते.”

“कुणी ठोकलं?”

त्याने पत्रा तिच्यापुढे परत धरला.

“चालतं गं, म्हणाला होतात. टेन्शन मत ले, म्हणाला होतात. मी यावर बसून उडी मारली. तुम्हाला काय अडचण आहे?”

“मंजू, वेडी आहेस का? हे लावून उडी मारली तर चेन उतरेल. चाक जाम होईल. माणूस मरेल!”

बोलून गेला. मग त्याचं बोललेलं त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण तो एकदम थांबला आणि भोवतालच्या तोंडांकडे बघायला लागला. भोंग्यावरचं गाणं चालूच होतं. ज्या पोरांच्या खांद्यांवर तो हात टाकायचा तीच पोरं समोर उभी होती.

“सोहोनीसर,” मंजूषा म्हणाली, “त्या निळ्या गाईडचा आतला भाग बघाल? लाल ठिपका आहे का?”

सोहोनींनी गाईड सोडवून घेतलं, अंगठ्याने चिखल खरवडला. “आहे. कशाचा आहे हा?”

“नेलपॉलिशचा. माझा आहे. त्या दिवशी यांचं वाकलं होतं, म्हणून यांनी माझं काढून आपल्याला लावलं, आणि यांचं मला.”

“मंजू, तसं नव्हतं…”

“मग कसं होतं? सांगा. सगळे ऐकतायत.”

गाडी ढकलत तो ओळीबाहेर गेला. त्याच्या क्लबातला एक रायडर, गुणांत दुसरा असलेला, जाताना त्याला वाट करून द्यायलाही हलला नाही. त्या दिवशी करंडक त्या रायडरलाच मिळाला.

मी नंतर मंजूषाच्या पेटीत चिंधी ठेवायला गेले तर खालच्या कप्प्यात एक नवंकोरं गाईड होतं, मोठ्या स्प्रॉकेटच्या मापाचं. मी तिच्याकडे बघितलं.

“होतं की माझ्याकडे,” ती म्हणाली. “त्याने मागितलं नाही.”

चौकशी बसली. जितूभाऊवर बंदी आली, क्लब फुटला, पोरं इकडेतिकडे गेली. मला वाटलं, आता हे संपलं. एका संध्याकाळी तो ठोंबऱ्यांकडे आला, हातात मिठाईचा खोका घेऊन. काकांनी मला हाक मारली. एकट्याने त्याच्यासमोर बसायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. काकांनी त्याला पाणी दिलं. दारात आलेल्या माणसाला ते नाही म्हणू शकत नाहीत.

“काका, चूक झाली,” तो खाली मान घालून म्हणाला. “शेवटची शर्यत होती. माझं गाईड आदल्या दिवशी दगडावर वाकलं. हिचं बसत होतं. मला वाटलं, हिला काय, ही तशीही पाचवी-सहावी आली असती.”

मंजूषा आतल्या दारात उभी होती. “पाचवी-सहावी,” ती म्हणाली.

“माफ कर मंजू. मोठ्या मनाने.”

“माझं मन मोठं नाही, जितूभाऊ. माफी ठेवा तुमच्यापाशी. दवाखान्यात तुम्ही बाबांचा हात धरून काय म्हणाला होतात ते आठवतं? मी जागी होते. ते आता उलटं म्हणा. तसाच हात धरून.”

तो घुटमळला. मग खुर्ची पुढे ओढून त्याने काकांचा हात धरला. “काका, चेन हिने सैल ठेवली नव्हती. ताण बरोबर होता. हिची काही चूक नव्हती.”

“आता जा. खोका घेऊन जा.”

तो गेला. काका तसेच बसून राहिले, जो हात त्याने धरला होता त्याच्याकडे बघत. इतकी वर्षं जेवताना, टीव्ही बघताना ते जे म्हणत आले होते ते सगळं त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं असणार. “मंजू,” त्यांनी हाक मारली, “मी तुला…”

ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी तिच्यामागे गेले. “अगं, म्हातारा माणूस आहे. जवळ जा त्यांच्या. रडतायत ते.”

तिने कणीक परातीत घेतली, पाणी घातलं. “माहीत आहे मला. पण थोडा वेळ बसू दे त्यांना तसंच, वैजूताई. मी पण बसले होते.”

तिने पोळ्या केल्या, भाजी केली, मग त्यांचं ताट वाढलं. त्यानंतर बापलेकीत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी भिंतीतून काही ऐकू आलं नाही.

मंजूषा अजून गाड्या तपासते. मुलींची शर्यत परत सुरू झाली आहे, ती स्वतः मात्र त्यात नाही. आखडलेल्या पायाने तिने एकदा कलियासोतकडे गाडी काढून बघितली होती. ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही, परत आली, पुन्हा काढली नाही. सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं म्हणतात. मी तिला तसं विचारलं. “घोट्यात रितं वाटतं,” म्हणाली. “बाकी कुठे नाही.”

बिट्टन मार्केटच्या हाटात आम्ही दोघी बरोबर भाजीला जातो. सुरुवातीला तिथे जितूभाऊ दिसायचा, पिशवी घेऊन. तिला बघितलं की तो रांग बदलायचा. मंजूषा काय करायची, तर लंगडत का होईना, पण त्याच रांगेत जायची. तो ज्या ढिगापाशी वाकलेला असेल तिथेच, त्याच्या शेजारी उभी राहून विचारायची, “मेथी कशी दिली?” त्याच्याशी एक शब्द नाही. मेथी निवडायची, एकेक जुडी उलटीसुलटी करून, आरामात. तो पिशवी अर्धवट भरूनच निघून जायचा.

हल्ली तो हाटात येत नाही. सगळं सामान पार करोंदकडून आणतो, असं मला तिथल्या कांदेवाल्याने सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून. मी ते हसत हसत मंजूषाला सांगितलं.

ती हसली नाही. तिने हातातला टोमॅटो ढिगात परत ठेवला.

“करोंदला कोणत्या दिवशी जातो, ते विचारलंत का?” तिने मला विचारलं.